खसखशीला सूट

नोव्हेंबर आला की माझ्या टेबलावर एक डबा येतो, आणि तो डबा दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. आत कागदाची लाल फुलं असतात, मध्ये काळा ठिपका, बाजूला हिरवं पान. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून इंग्रज लोक ही पॉपीची फुलं कोटाला टाचतात. इंग्लंडात म्हणे पेटीत नाणं टाकून फूल घ्यायचं असतं. दुबईत परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, म्हणून इथे फुकट. फुकट असल्यामुळे सहसा कुणी नको म्हणत नाही, आणि एखाद्याने म्हटलंच तर त्याच्याकडे असं पाहतात जणू देवापुढचा नारळ त्याने लाथाडलाय.

सिलिकॉन ओएसिसजवळच्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत मी रिसेप्शनला बसते. घर अल मनखूलला. मुलगी त्याच शाळेत शिकते, सकाळी आम्ही दोघी एकाच बसने येतो. शाळा सांगेल ते मी अंगावर चढवते. राष्ट्रीय दिनाला इथल्या झेंड्याचा स्कार्फ, नाताळला लाल टोपी, पुस्तकांच्या दिवशी एकदा तर चेटकिणीचा झगासुद्धा. रिसेप्शनवरची बाई म्हणजे चालताबोलता नोटीस बोर्ड, तिला कोण विचारतंय? त्यामुळे त्या वर्षीही डबा आला तसं एक फूल उचललं, ओढणीला टाचलं आणि फोन घ्यायला लागले.

नाही म्हणाली ती आमची संगीताची मिस. ती आयर्लंडची. त्याच वर्षी जानेवारीत आली आणि आमची मैत्री झाली ती चहावरून. शाळेतले इंग्रज लोक कोमट पाण्यात पिशवी बुचकळून तिला चहा म्हणतात. ही पहिल्याच आठवड्यात माझ्या थर्मासमधला एक कप प्यायली आणि म्हणाली, आमच्या आजीचा चहा अस्साच असायचा, फक्त त्यात आलं नसायचं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची, आणि मी डब्यात एक थालीपीठ जास्तीचं आणायला लागले.

अकरा नोव्हेंबरला, म्हणजे ते युद्ध संपलं त्या तारखेला, शाळेत मोठा कार्यक्रम असतो. सगळी शाळा हॉलमध्ये जमते, पालक येतात, युद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटं मौन पाळतात आणि मुलं गातात. त्या वर्षीचं गाणं हिने बसवलं होतं. सप्टेंबरपासून मुलांच्या मागे लागून. मुलगा घरी परत येत नाही आणि आई दिवा तेवता ठेवते, असं काहीसं गाणं होतं ते. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू न येणारी माझी मुलगी त्या गाण्यासाठी पहाटे उठून आवाज लावत होती. गाण्याच्या वेळी मुलांसमोर उभं राहून हात कुणी फिरवायचा, तर अर्थात हिने. तिच्याशिवाय ती मुलं एक ओळसुद्धा धड गाऊ शकत नव्हती.

डबा आला त्या दिवशी ती नेहमीसारखी चहाला आली. मी डबा तिच्यापुढे सरकवला. ती हसून नको म्हणाली आणि थालीपीठ मागितलं. मला वाटलं, नंतर घेईल. पण दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग उपमुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं. ते इंग्रज, उंच, कायम इस्त्रीतले. त्यांनी सांगून टाकलं की अकरा तारखेला स्टेजवर जो कुणी उभा राहील त्याच्या छातीवर फूल असलंच पाहिजे. तिने सांगितलं, मी मौन पाळीन, गाणं घेईन, पण फूल लावणार नाही. ते म्हणाले, मग स्टेजवर नाही.

आणि मग ते माझ्याकडे आले. माझ्या ओढणीवरच्या फुलाकडे बोट दाखवून म्हणाले, तुम्ही तिच्या मैत्रीण आहात, तुम्हीच समजावा. तुमचे लोकही आमच्या बाजूने लढले होते, आणि तुम्ही किती छान लावलंय. मला ते कौतुक वाटलं. आता आठवलं की त्या शब्दांचा राग येतो, पण त्या दिवशी मी खुशीत होते आणि समजवायला निघालेसुद्धा.

खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचाच राग आला होता. एवढंसं कागदाचं फूल, लावलं तर काय अंग झिजतं? आयर्लंडवर केलं तसं आमच्यावरही इंग्रजांनी राज्य केलं. म्हणून आम्ही काय त्यांची टोपी, त्यांचा केक आणि त्यांची फुलं नाकारत बसतो? हातातोंडाशी आलेला मुलांचा कार्यक्रम ही आपल्या हट्टापायी घालवणार, असं मला वाटत होतं. चहा ओतता ओतता मी हे सगळं तिला ऐकवलं. तिने चहा संपवला. मग कप खाली ठेवून ती बोलायला लागली.

तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्या युद्धात गेला होता. इंग्रजांवर प्रेम होतं म्हणून नव्हे, घरात खायला नव्हतं म्हणून. एक पाय गमावून परत आला, तेव्हा त्याच्याच देशात इंग्रजांशी लढाई पेटली होती. ज्या सरकारचा गणवेश घालून तो लढला होता, त्याच सरकारच्या माणसांनी येऊन त्याची गल्ली जाळली. मग काय, इंग्रजांसाठी लढला म्हणून गाव त्याच्याशी बोलेना, आणि आयरिश म्हणून इंग्रज त्याला विचारेनात. त्याच्या आईने त्याचं पदक चादरींच्या खाली दडवून ठेवलं. म्हातारा झाल्यावरही नोव्हेंबरात तो घराबाहेर पडायचा नाही.

ती म्हणाली, आमच्याकडे सगळे एका सुरात बोलतात असं नाही. उत्तर आयर्लंडात कितीतरी घरांत हे फूल अभिमानाने लावतात. तिचा सख्खा भाऊ लंडनला राहतो, तो लावतो, आणि त्यावरून दोघांचं भांडण नाही. पण हे फूल त्या एकाच युद्धातल्या मेलेल्यांचं नाही. पुढे आमच्याच रस्त्यांवर आमच्याच माणसांना गोळ्या घालणारे जे इंग्रज सैनिक होते, त्यांचंही आहे. मग शेवटचं तिने अगदी हळू म्हटलं.

"मला त्या म्हाताऱ्याची आठवण आहे. मी त्याच्यासाठी उभी राहीन. पण ते लावून नाही."

आणि मग तिने मला विचारलं, तुमच्या घरातलं कुणी गेलं होतं का? मी म्हटलं, काय माहीत. खरोखरच मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या साताऱ्याजवळच्या आमच्या गावी असतात. ओढणीवरचं फूल त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, खसखशीचं फूल आहे, जुन्या लढाईत मेलेल्या सैनिकांसाठी लावतात. कुठली लढाई, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, त्यात आपल्या घरचा एक गेलेला की. त्यांच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ. बसऱ्याला गेला आणि आलाच नाही. मेल्याची बातमीही धड आली नाही. त्याची बायको कुंकू पुसावं की ठेवावं या विचारातच म्हातारी झाली, आणि ती कुंकवासकट गेली तेव्हा गावातल्या बायकांना कळेना की ओटी भरायची की नाही.

मी विचारलं, त्याची आठवण म्हणून गावात काही आहे का? त्या म्हणाल्या, हाय की. चावडीच्या भिंतीत दगड हाय, इंग्रजीत कोरलेला. गावातून किती गेले आणि किती मेले, ते लिवलंय.

"आणि त्यांचं नाव?"

"नाव न्हाई गं पोरी. आकडा हाय नुसता."

बसरा म्हणजे याच आखाताचं वरचं टोक. ज्या समुद्रकाठी आम्ही सुट्टीला भेळेचा डबा घेऊन बसतो, त्याच पाण्यातून त्या माणसाची बोट वर गेली असणार. पोटापाण्यासाठी आखातात आलेला आमच्या घरातला पहिला माणूस माझा नवरा आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो होतो. पहिला माणूस तो होता, आणि आम्हाला त्याचं नावही सांगता येत नव्हतं. सासूबाईंनी आठवून पाहिलं, शेजारच्या काकींना हाक मारून विचारलं. कुणालाच आठवेना. त्या रात्री मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी नवऱ्यावर काढला. सकाळी शाळेत पोहोचल्यावर फूल ओढणीवरून काढलं आणि परत डब्यात टाकलं.

त्याच दिवशी तो खसखशीचा घोळ झाला. शाळेने सगळ्या पालकांना ईमेल पाठवली होती की अकरा तारखेला प्रत्येक मुलाच्या गणवेशावर पॉपी हवी. शाळा भरायच्या वेळीच पुण्याचे एक गृहस्थ, आयटीतले, मुलाचं दप्तर खांद्याला लावून माझ्यासमोर आले. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, पॉपी म्हणजे आपली खसखस ना? ती तर इथे बॅन आहे. पोराच्या शर्टवर लावली आणि कुणी कम्प्लेंट केली तर? माझा व्हिसा रिन्यूअलला आहे हो."

तुम्हाला हसू येईल. मला नाही आलं. या देशात खसखशीवर बंदी आहे आणि ती भीती इथल्या प्रत्येक मराठी घरात मुरलेली आहे. दिवाळीत गावाहून कुणी येणार असेल तर आम्ही आधी बजावतो की अनारशांना खसखस लावू नका, रव्यावर थापा. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा विमानतळावर मी त्यांना मिठी मारायच्या आधी विचारलं होतं, आई, अनारसे कशावर थापलेत? ज्याच्या बियांचा दाणा पिशवीत सापडला तर पोलिसांना उत्तर द्यावं लागतं, त्याचंच फूल छातीवर लावून या, असं शाळेने सांगितल्यावर त्या बापाने घाबरू नये तर काय करावं? फुलाची जात निराळी आणि हे तर नुसतं कागदाचं, असं मी त्यांना समजावलं. तरी आणखी चौघांचे फोन आले. आमच्या आईबापांच्या ग्रुपवर ही शंका तोवर सगळीकडे पोहोचली होती.

मी हे उपमुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी ते स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. हशा उसळला की मराठीत आपण खसखस पिकली म्हणतो. त्या दिवशी दुबईच्या स्टाफरूममध्ये अगदी भरघोस पीक आलं. हसली नाही ती एकटी आयरिश मिस. ती बाहेर येऊन मला म्हणाली, माणसं घाबरली आहेत, यात हसण्यासारखं काय आहे?

हसून झाल्यावर सरांनी मात्र एक काम ताबडतोब केलं. अर्ध्या तासात पालकांना दुसरी ईमेल गेली. ज्या कुटुंबांना काही कौटुंबिक, धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणामुळे फूल नको असेल त्यांच्यावर कसलीही सक्ती नाही, शाळा सगळ्यांच्या भावनांचा आदर करते, वगैरे. ती वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे खसखशीला सूट होती. गैरसमजाला सूट होती. आणि जिच्या घरातला माणूस पाय गमावून आला, त्याचीच गल्ली जाळली गेली, तिला मात्र सूट नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते उगाच नाही.

मी उठले आणि त्यांच्या केबिनमध्ये गेले. इतक्या वर्षांत मी तिथे न बोलावता कधी गेले नव्हते. कौटुंबिक कारण म्हणजे आणखी काय असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, पालकांची गोष्ट वेगळी, स्टाफची वेगळी, स्टाफ हा शाळेचा चेहरा असतो. फी भरणाऱ्याच्या भावना आणि पगार घेणाऱ्याच्या भावना यांत एवढा फरक असतो, हे मला त्या दिवशी इतकं स्वच्छ कळलं. मग त्यांची नजर माझ्या ओढणीवर गेली. तुमचं फूल कुठे, असं त्यांनी विचारलं.

"सर, माझ्या सासरचा माणूस तुमच्या त्या युद्धात मेला. आमच्या गावात तुमच्या सरकारने दगड लावलाय, त्यावर त्याचं नाव नाही, आकडा आहे. आधी नाव लिहा. मग मी फूल लावते."

माझं इंग्रजी रागात फार घाईत धावतं, पण हे त्यांना समजलं. ते म्हणाले की हे जरा अन्यायाचं होतंय, त्यांनी काही तो दगड लावलेला नाही. खरंच होतं ते. मी म्हटलं, मग आमचे लोक तुमच्या बाजूने लढले असं परवा म्हणालात, तेव्हा तुम्हीही काही त्या बोटीत नव्हतात. मग खुर्ची वळवून त्यांनी सांगितलं की निर्णय झालेला आहे. गाण्याची साथ रेकॉर्डवर वाजेल, मुलांना खूण खेळाचे सर करतील, आणि कार्यक्रम चालू असताना संगीताच्या मिस रिसेप्शनवर बसून मला फोन घ्यायला मदत करतील.

घरी नवरा म्हणाला, खलास, आता तुझी नोकरी गेली. मुलगी तर माझ्यावरच चिडली. "आई, इट्स जस्ट अ फ्लॉवर. व्हाय कान्ट मिस जस्ट वेअर इट?" मी तिला बसवून त्या एक पायाच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली आणि मग आपल्या बिननावाच्या माणसाची. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "सो ही डाइड नियर हिअर?" मी हो म्हटलं. मग तिने पाण्याची बाटली भरली आणि झोपायला गेली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही, आणि मी खोदून विचारलंही नाही.

अकरा तारखेला पालक आले, मुलं रांगेने हॉलमध्ये गेली. मिस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. चांगला काळा ड्रेस घालून आली होती, स्टेजवर उभी राहणार असती तर घातला असता तसा. शाळेचे सगळे स्पीकर चालू होते, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. रेकॉर्डवर साथ सुरू झाली. मुलांनी पहिली ओळ उशिरा उचलली, दुसरीला सूर चढला, आणि पुढे आईच्या दिव्याच्या जागी सगळेच गडबडले. मिसचा हात टेबलाखाली हलत होता. ती मुलांना सूर खाली आणायला सांगत होती आणि तिथून एकालाही ती दिसत नव्हती. सप्टेंबरपासून घासून बसवलेलं गाणं असं आपल्या कानांसमोर वाया जाताना ऐकणं काय असतं, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्या वेळी मला त्या स्पीकरचीच वायर उपटावीशी वाटली.

मग बिगूल वाजला आणि आतून घोषणा झाली की आता दोन मिनिटांचं मौन. ती उठून उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही उठले. तिने डोळे मिटले, आणि मला माहीत होतं तिच्या डोळ्यांपुढे कोण होतं. माझ्यासमोर कुणाचा चेहरा येईना, कारण मी तो कधी पाहिलाच नव्हता. म्हणून मी त्या बाईचा विचार केला, जिला कुंकवाचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. टेबलावरचा फोन वाजायला लागला. आम्ही तो उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला.

तेवढ्यात हॉलचं दार हळूच उघडलं आणि उपमुख्याध्यापक बाहेर आले, कोटावर फूल, हातात मोबाईल. आमच्याकडे येऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की फोटोग्राफर आला का. आम्ही दोघी मान खाली घालून उभ्या होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मिसच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने टकटक केलं. मी मान वर केली नाही.

आत दुसऱ्यांदा बिगूल वाजला, मौन संपलं. मी मान वर केली. ते रागाने माझ्याकडे बघत होते. विचारलेलं ऐकू येत नाही का, असं त्यांनी विचारलं.

"मौन चालू होतं, सर," मी म्हटलं. "फोटोग्राफर कधीचे आत गेलेत."